मागे जागा नसलेली गाडी

गेल्या महिन्यात मिलिंदचा अमेरिकेहून फोन आला. त्याला जुनी गाडी घ्यायची आहे. साधी नाही, शर्यतीच्या बांध्याची, दोन माणसांची, छत मागे दुमडणारी. त्याची आई, म्हणजे माझी सूनबाई, घाबरून गेली होती. "आई, तुम्हीच समजवा त्याला," म्हणाली आणि फोन त्याच्या हातात दिला. "आजी, तुला यातलं काय कळणार?" असं तो प्रेमानेच म्हणाला. परदेशचा फोन, पैसे उडतात, म्हणून मी एवढंच विचारलं, "क्लचच्या पेडलचं रबर पाहिलंस का?"

"रबर?" तो म्हणाला. "कसलं रबर?"

तेव्हा मिलिंद, आणि तिकडे लंडनला बसलेली केतकी, हे तुम्हा दोघांसाठी. दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे जुन्या लोणावळ्यावर लेख मागितला होता, तोही यातच उरकते. एका फेरीत दोन कामं करायची माझी सवय आहे.

मी पुण्याची. मॅट्रिक झाले, वर्षभर कॉलेजात इंग्रजी शिकले आणि लग्न होऊन लोणावळ्याला आले. तुमच्या आजोबांना सगळा गाव अण्णा म्हणे. त्यांचा मोटारदुरुस्तीचा कारखाना मुंबई-पुणे रस्त्याला लागून होता. घाट चढून आलेल्या गाड्या तापून आमच्याच दाराशी दम टाकत. अण्णांना इंजिनाची भाषा येई, पण इंग्रजी बोलायची वेळ आली की ते पाना उचलून गाडीखाली शिरत. मग साहेबाशी कोण बोलणार? सासूबाईंनी सुरुवातीला नाक मुरडलं. पण एका साहेबाने दिलेली शाबासकी अण्णा शिवी समजून बसले आणि त्याची गाडी अर्धवट खोललेली तशीच टाकून जेवायला निघून गेले, त्या दिवसापासून मला कारखान्यात खुर्ची मिळाली.

दुरुस्तीच्या जोडीला जुन्या गाड्यांचा व्यवहार आपोआप आला. खंडाळ्याच्या कड्यावर बंगले होते. तिथे कोणाची बदली होई, कोणाची हौस फिटे, कोणी देवाघरी जाई. मग गाडी विकायला निघे. घेणारा आमच्याकडे येऊन म्हणे, "अण्णा, जरा बघून सांगा."

बघायचं कसं, ते सांगते. न कळवता जायचं. आपण येणार हे माहीत असलं की मालक इंजिन आधी तापवून ठेवतो, आणि तापलेलं इंजिन पाहुण्यांसमोरच्या मुलासारखं शहाण्यासारखं वागतं. मैल मोजणारं घड्याळ फिरवता येतं, पण पेडलचं रबर झिजतं ते झिजतंच. लोणावळ्याचा पाऊस चार महिने गाडीत मुक्कामाला असतो, तेव्हा पायाखालची चटई उचलून पत्रा अंगठ्याने दाबून पाहायचा. आणि माळ्याला विचारायचं, "बाबा, गाडीला धक्का किती वेळा द्यावा लागतो?" मालक खोटं बोलेल, ज्याच्या खांद्याला रग लागलेली असते तो बोलणार नाही. शेवटी खोपोलीपर्यंत उतरायचं आणि न थांबता घाट चढून यायचं. घाटाने पास केलेली गाडी अण्णा डोळे मिटून घ्यायला सांगत.

अण्णा हे सगळं करत तोवर मी मालकाबरोबर चहा घेई आणि एकच प्रश्न विचारी, गाडी का विकता? जो पटकन उत्तर देई त्याची गाडी आम्ही दोनदा तपासत असू.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हाही पाहिल्या. तळेगावच्या एका वकिलांनी आमचा सल्ला न मानता एवढी लांब गाडी घेतली की ती त्यांच्या बोळात वळेना. बोळाच्या तोंडाशी कडुनिंबाखाली ती कायमची उभी राहिली. वकीलसाहेब तीत बसून पक्षकारांशी बोलू लागले. गाडी चालली नाही, पण वकिली जोरात चालली. ही हसायची गोष्ट. दुसरी तशी नाही. एका शेटजींची देखणी उघडी गाडी आम्ही एका कंत्राटदाराला मिळवून दिली आणि वर्षाने अण्णांना तिचं बॉनेट वडगावच्या वाटेवर कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून दिसलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दोष कोणाचाच नव्हता. दुसरी मोठी लढाई सुरू झाली होती, पेट्रोल मोजून मिळत होतं, टायर सोन्यासारखे झाले होते. मोठ्या गाड्या लोक टायरसाठी घेत आणि इंजिन पिठाच्या गिरणीला लावत.

लढाई संपली त्या हिवाळ्यात खंडाळ्याची विल्मट मडम आमच्या कारखान्यात आली. तिचा नवरा इंजिनियर होता, लढाईच्या मधल्या वर्षांत आजाराने गेला. ती एकटी कड्यावरच्या बंगल्यात राहिली. तिला मराठी येत असल्याचा मोठा अभिमान होता. ते मराठी तिने माळ्याकडून आणि खानसाम्याकडून उचललेलं, त्यामुळे ती स्वतःबद्दल पुरुषासारखं बोले. माझ्याशीही आधी मराठीच.

"मी विलायत जातो. गाडी विकायचा. पण तोडायला नाय विकायचा."

मग इंग्रजीत सविस्तर सांगितलं. मुंबईचा एक व्यापारी चांगला भाव देत होता, पण त्याने गाडीकडे पाहिलंच नव्हतं, खाली वाकून फक्त टायर पाहिले होते. नवऱ्याची गाडी पिठाच्या गिरणीत जावी हे तिला सोसत नव्हतं. चालवणारा कोणी मिळाला तर भावाचं ती बघून घेणार होती.

आम्ही गेलो. गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, टायर जमिनीला टेकू नयेत म्हणून. लांबलचक बॉनेट, त्यावरून कातडी पट्टा, तारांच्या आऱ्यांची चाकं. नवी आली तेव्हा तिच्या किमतीत लोणावळ्यात बंगला आला असता, असं अण्णा म्हणाले. कातड्याला बुरशी आली होती आणि सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. पण पत्रा पक्का होता. अण्णांनी तेल बदललं, हँडल मारलं, गाडी दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा इंजिन असं सुरू झालं की झाडावरचे कावळे उडाले. मडम दारात उभी होती. आवाज आला तशी ती दरीकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्याजवळ गेले नाही.

आता घेणाऱ्याकडे येते. गेनूभाऊ कार्ल्याचे. रेल्वेत इंजिनड्रायव्हर होते, पण त्यांचं इंजिन पुढचं नव्हे. घाटात गाडी चढवायला मागून आणखी इंजिन लावत, ते ढकलायचं काम. गाडी वर पोचली की ते सुटून पुन्हा खाली, पुढची गाडी ढकलायला. घाटात विजेची इंजिनं आली तेव्हा त्यांना यार्डात डबे ढकलायला दिलं. निवृत्त झाल्यावर घरी करमेना म्हणून ते आमच्या कारखान्याच्या बाकावर येऊन बसत. दोघी मुली चांगल्या घरी पडल्या होत्या, भाताची शेती होती, फंडाचा पैसा होता. आमचं बोलणं ऐकून ते म्हणाले, "अण्णा, म्या येऊ का नुस्ता बगायला?"

मडमने त्यांना शेजारी बसवून फिरवून आणलं. आम्ही व्हरांड्यात थांबलो. परत आले तेव्हा फेटा मांडीवर, केस उभे, वाऱ्याने डोळ्यांतून पाणी. अण्णांनी विचारलं, "कशी आहे?"

"म्होरं काय बी न्हाई, अण्णा!" ते म्हणाले. "उभी हयात माज्या तोंडाम्होरं डब्याची पाठ. आज नुस्ता रस्ता. लय ग्वाड."

मी मडमला हे इंग्रजीत सांगितलं. ती इतकी खूश झाली की भाव तिनेच खाली आणला. सगळं जमत होतं. तेवढ्यात गेनूभाऊ सीटच्या मागे वाकून पाहू लागले.

"मागची शीट कुटंय?"

"नाय," मडम म्हणाली. "दोन माणूस. साब आणि मी."

"आन् घरच्या मानसानं कुटं बसायचं?"

मडमने डाव्या सीटवर थाप मारली. "इथे. बाजूला."

गेनूभाऊ त्या सीटकडे पाहत राहिले. मग त्यांनी फेटा बांधला, मडमला हात जोडले आणि म्हणाले, "बरं मडम. येतो."

लोणावळ्याला परतताना ते पुन्हा पुन्हा फेटा सारखा करत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "वैनी, आबा हायेत अजून."

तुम्हाला हे कळायचं नाही, म्हणून फोड करते. आबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, घरातले कर्ते. गेनूभाऊंची बायको सोनाबाई. थोरल्या दिरासमोर ती कधी बाजेवर बसली नव्हती, नवऱ्याच्या बरोबरीने उभीही राहिली नव्हती. बैलगाडीत नवरा पुढे, ती मागे, पाठमोरी. तिने बिनछपराच्या मोटारीत, गावाच्या मधून, नवऱ्याला खेटून बसायचं? आणि तिला सोडून गेनूभाऊंना ती गाडी नकोच होती. सोनाबाईचं एक जुनं दुखणं होतं. बाकीचे ड्रायव्हर बायकांना आपल्या गाडीने जत्रेला, माहेरी नेत. गेनूभाऊंच्या इंजिनाला स्वतःचे डबेच नव्हते. हे तिने त्यांना आयुष्यभर ऐकवलं होतं. तिला एकदा आपल्या हाताने कुठेतरी न्यावं, एवढ्यासाठी तर ते गाडी बघायला आले होते.

आमच्या दृष्टीने विषय संपला. काही दिवसांनी मुंबईचा व्यापारी तणतणत कारखान्यात आला.

"काय हो अण्णा, गाडी विकली म्हणते ती बाई! कोणाला विकली?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आम्हाला वाटलं, मिळालं असेल कोणी परस्पर. चांगलं झालं.

मार्गशीर्ष लागला आणि मडम पुन्हा आली. बोटीचं तिकीट मिळालं होतं, आठवडाभरात निघायचं होतं.

"तुमचा रेल्वेवाला केव्हा येणार?" तिने इंग्रजीत विचारलं. "मी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. आता माझ्याकडे दिवस नाहीत."

"तो कशाला येईल?" मी म्हटलं.

"कशाला म्हणजे? त्याने शब्द दिलाय. तुमच्यासमोर."

"काय शब्द दिला?"

ती ताठ झाली आणि खणखणीत मराठीत म्हणाली, "येतो."

मला आधी हसू आलं, पण मी ते दाबलं. मी तिला बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, ते अशुभ. निघणारा 'येतो'च म्हणतो. परत यायचं असो वा नसो.

तिने चहाला हात लावला नाही. "आमचा खानसामा कोकणात गेला तेव्हाही हेच म्हणाला," ती म्हणाली. "मी त्याची खोली अजून कोणाला दिलेली नाही."

"किती दिवस झाले?"

"दिवस नव्हे, वर्षं." मग तिने विचारलं, "आणि कायमचं जाताना तुम्ही काय म्हणता?"

"तेच."

ती खिडकीबाहेर बघत बसली. मी मनात व्यवस्थित वाक्यं जुळवत होते, पण सांगण्यासारखं एकही जुळेना. शेवटी तीच हिशेबी स्वरात म्हणाली, "म्हणजे तो नाही म्हणाला नव्हता."

"नाही म्हणणं आमच्या लोकांना जड जातं."

"म्हणजे नाही म्हणाला नव्हता," ती पुन्हा म्हणाली. "त्याला गाडी आवडली होती. मी पाहिलंय. तुम्ही एकदा विचारा. परवापर्यंत उत्तर आलं नाही तर मला त्या टायरवाल्याला निरोप पाठवावाच लागेल. गाडी दरीत तर ढकलून देता येत नाही."

ती गेल्यावर अण्णा म्हणाले, "गेनूभाऊंना विचारून उपयोग नाही. ते नुसते मान खाली घालतील."

"त्यांना कोण विचारतंय?" मी म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने कार्ल्याच्या फाट्यावर उतरले.

सोनाबाई खळ्यावर भात उपणत होती. बरोबर शेजारची एक बाई होती, ठकूबाई. गेनूभाऊ आणि आबा बैल घेऊन शेतावर गेले होते. मी बरोबर वेळ साधली होती.

"बसा वैनी. हिकडं कुटं वाट चुकला?" सोनाबाई म्हणाली. "आमच्या मानसानं काय मोडून ठेवलं का तुमच्या कारखान्यात?"

"मोडलं नाही. बरे आहेत ना ते?"

"कुटलं बरं! म्हैना झाला, ताटावर बसत्यात आन् भिंतीकडं बगत्यात. म्या म्हनलं पोटात किडा झाला."

मग मी तिला गाडीचं सांगितलं. त्यांनी घरी अवाक्षर काढलं नव्हतं. ठकूबाईने कपाळाला हात लावला. "आगं बया! किडा न्हाई गं, पोटात मोटार झाली म्हन की!"

सोनाबाई हसली नाही. सूप हातात तसंच धरून तिने विचारलं, "बंद मोटार न्हाई व्हय?"

"उघडी आहे."

"आन् मागं जागा?"

"नाही. दोघंच बसायचं, शेजारी शेजारी."

तिने सूप उचललं आणि वाऱ्याकडे बघून पुन्हा भात उपणू लागली. फोलपटं उडत होती, दाणे पायाशी पडत होते.

"उभी हयात लोकांच्या बायका घाटावर ढकलल्या," ती म्हणाली. "यकदा म्हनलं व्हतं, मला बी न्ह्या. तर म्हनं, माज्या इंजिनात कोळसा बसतो, मानूस न्हाई. आन् आता मोटार! ती बी अशी!"

"घेत नाहीत ते. तुमच्यामुळेच घेत नाहीत."

"मग इचारलं का न्हाई मला?"

"विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"न्हाईच म्हनले असते!" ती उसळून म्हणाली. "आबांच्या म्होरं मी त्यांच्या शेजारी बसनार न्हाई. मेले तरी न्हाई."

संपलं. मी पदर सारखा करून उठले. मडमला काय सांगायचं याची इंग्रजी वाक्यं मनात जुळवायलाही लागले.

"बसा की वैनी. च्या ठेवते," सोनाबाई म्हणाली, पण चहा ठेवायला गेली नाही. सूप खाली ठेवून तिथेच उभी राहिली. मग तिने ठकूबाईला विचारलं, "आबांचं राज कुटपातुर गं?"

"राज? म्हंजी?"

"गावाची शिव कुटंय? रस्त्याकडची?"

"मरीआईच्या दगडापाशी. तुला काय ठावं न्हाई व्हय?"

"मग मी तितवर चालत जाईन," सोनाबाई म्हणाली. "त्यांनी मोटार घेऊन म्होरं जावं, तितं उभं ऱ्हावं. शिवंच्या पल्याड कुनाचं भावजी?"

ठकूबाई तोंडात पदर कोंबून हसायला लागली. मला उभ्या उभ्या त्या बाईला मिठी मारावीशी वाटली, पण मी शिस्तीची बाई. मी म्हटलं, "चहा ठेवा आता. साखर जास्त."

त्या संध्याकाळी मडमला निरोप गेला आणि पुढचे तीन-चार दिवस अण्णा गेनूभाऊंना मैदानावर मोटार शिकवत होते. मिलिंद, तू हे पाहायला हवं होतंस. इंजिनड्रायव्हरला वळायचं माहीत नसतं. वळायचं काम रुळांचं. गेनूभाऊ गाडी सुरू करत, वेग उत्तम सांभाळत आणि थेट समोरच्या वडाकडे जात. "अहो, फिरवा, फिरवा!" अण्णा ओरडत. गेनूभाऊ म्हणत, "कायला? आपसूक वळतीया का न्हाई बगतो." निघण्याआधी ते दर वेळी मान वळवून मागे बघत, गार्डाने हिरवा बावटा दाखवलाय का म्हणून. ती खोड शेवटपर्यंत गेली नाही. गाडी मागे घ्यायची तेवढी राहून गेली, कारण दिवस संपले.

मडम निघायच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे बंगल्यावर जमलो. सोनाबाई नवं इरकली लुगडं नेसून आली होती आणि मडमसाठी नव्या आंबेमोहोराचं गाठोडं घेऊन आली होती. मडमने ते हुंगलं आणि विचारलं, "फुल?" सोनाबाई म्हणाली, "तांदूळ, बया. शिजवून खा बोटीत." दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मग मडमने डावीकडचं दार उघडलं. त्या सीटवर ती स्वतः इतकी वर्षं बसली होती. कातडं तिने आपल्या हाताने पुसून लख्ख केलं होतं. उंदरांच्या भोकावर ठिगळही तिनेच लावलं होतं, वाकडंतिकडं.

सोनाबाईने गाडीला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, पदर कानामागून घट्ट खोचला आणि आत बसली. गेनूभाऊंनी मागे वळून बघितलं. बावटा दाखवायला कोणीच नव्हतं, म्हणून अण्णांनी आपला मळका रुमाल हलवला. गाडी निघाली. फाटकातून बाहेर पडेपर्यंत सोनाबाई दोन्ही हातांनी दार धरून होती. रस्त्याला लागल्यावर तिने एक हात सोडला. मग वळणावर ती दिसेनाशी झाली.

धुरळा खाली बसला तेव्हा मडम वाळूच्या वाटेवर काहीतरी निरखत होती. सोनाबाईच्या वहाणा. घरात शिरावं तशा तिने बाहेर काढून, जोडीने नीट ठेवल्या होत्या. आणि गेनूभाऊंना गाडी मागे घेता येत नव्हती! मडम इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. हसता हसता ती रडू लागली तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसले. या वेळी मी वाक्यं जुळवली नाहीत. दुसऱ्या दिवशी स्टेशनला जाताना तिने टांगा आमच्या दारात थांबवला आणि त्या वहाणा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिल्या.

गाडी दिली त्या दिवशी खंडाळ्याहून परतताना मी अण्णांच्या शेजारी पुढे बसले. तोवर मी नेहमी मागे बसत असे, कागदपत्रं मांडीवर घेऊन. आमच्या कारखान्यातून इतक्या गाड्या आल्या आणि गेल्या, पण आमची स्वतःची एकही झाली नाही, याची चुटपुट मला आहे. अण्णांना ती नव्हती. पण गिऱ्हाइकाची का असेना, त्यानंतर मी पुढेच बसले. सासूबाईंनी एकदा पाहिलं. काही बोलल्या नाहीत.

पेट्रोल मोजकंच मिळे, त्यामुळे गेनूभाऊंची गाडी महिन्यातून एखादी फेरी करी. कधी लोणावळ्याचा बाजार, कधी सोनाबाईच्या माहेरी आंदर मावळात, नदीपर्यंत गाडीने आणि पुढे पायी. दर वेळी ते मोटार घेऊन पुढे जात, मरीआईच्या दगडापाशी थांबत. मागून सोनाबाई डोक्यावर पदर घेऊन, हातात भाकरीचं फडकं घेऊन, शेतावर निघाल्यासारखी चालत जाई. सगळ्या गावाला माहीत होतं. लोक आपलं 'शेतावर निघाला व्हय?' म्हणून विचारत आणि ती 'व्हय' म्हणे.

आबांनाही माहीत होतं. म्हातारे ओट्यावर बसून हे सगळं पाहत आणि पाहिलं नाही असं दाखवत. एकदा मी काही कामाने कार्ल्याला गेले होते, तेव्हाची गोष्ट. गेनूभाऊ अंगणात बॉनेट पुसत होते. सोनाबाई दाराआड उभी होती, फडकं तयार. आबा ओट्यावरून खाकरले.

"गेन्या."

"जी, आबा."

"मला बी न्हे की येकदा."

गेनूभाऊ गांगरले. त्यांनी दाराकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "आबा, ती दोघांचीच गाडी हाय."

"मग मी आन् तू किती झालं?"

गेनूभाऊ बॉनेटवरची तीच जागा पुन्हा पुसू लागले. उभी हयात थोरल्या भावाला त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. दाराआडून बांगड्या वाजल्या आणि सोनाबाईचा आवाज आला. थोरल्या दिराशी ती माझ्यासमोर पहिल्यांदाच बोलत होती.

"जावा की भावजी. तुमचाबी मान हाय," ती म्हणाली. "पर शिवंपातुर चालत जायाचं."

आबांनी दाराकडे बघितलं नाही. त्यांनी काठी शोधली, पायात वहाणा सरकवल्या आणि मरीआईच्या दगडाकडे चालू लागले.